कामाने पिचलेल्यांसाठी सेवाग्रामचा मुक्काम

थंड हवा आणि खिडकीतून डोंगर हवा असेल त्याने चिखलदऱ्याला जावे. दीर्घ रजा घेऊन सेवाग्रामला यायचे ते वेगळ्या कारणासाठी: इथे दिवस आधीच आखलेला असतो आणि तो आखताना तुमचा हुद्दा कोणी विचारात घेतलेला नसतो. रोज शंभर निर्णय घेऊन पिचलेल्या अधिकाऱ्याला हीच सर्वांत मोठी सुटका आहे.

गांधीजींच्या आश्रमासमोरच्या यात्री निवासातल्या खोल्या साध्या, जेवण शाकाहारी. पहाटे पाचच्या आत एक प्रार्थना, संध्याकाळी दुसरी. मधल्या वेळेत सूतकताई शिकून घ्यावीच. पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) चिमटीत आवळून धरला तर कापूस सुटत नाही. हात भराभर मागे नेला तर पीळ बसण्याआधीच धागा तुटतो. चाकाची गती आणि हाताची ओढ जुळायला आठवडा सहज जातो, आणि त्या वेळात डोक्यात दुसरा विचार टिकत नाही. बर्नआउटमध्ये, म्हणजे कामाच्या ताणाने पार पिचून गेल्यावर, ‘आपल्या हातून काहीच धड होत नाही’ ही भावना मुरलेली असते. संध्याकाळी चरख्याच्या चातीवर दिसणारे सूत तिच्यावर उपदेशापेक्षा जास्त काम करते.

मुक्काम वाया जातो तो बहुधा फोनमुळे. बापूंच्या दफ्तरात, म्हणजे कार्यालयात, व्हाइसरॉयने बसवून दिलेला टेलिफोन आजही दिसतो, तो मुद्दाम पाहावा: स्वातंत्र्यलढ्याचा भार अंगावर असतानाही त्याची जागा बैठकीपासून वेगळी होती, आणि सोमवारी मौन असे. ऑफिसचा लॅपटॉप घरीच ठेवावा. जागेवर येणाऱ्याला सह्यांचे अधिकार लेखी द्यावेत; नुसते ‘बघून घे’ म्हटले की तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. यात्री निवासाचा क्रमांक एकाच सहकाऱ्याकडे द्यावा आणि कोणत्या दोन बाबींसाठी फोन चालेल तेही लिहून द्यावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा झोपच लागत नाही, मग विश्रांती कसली. पावसाळ्यात काळी माती चपलेला धरते आणि साप निघतात. रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नये. नागपूर विमानतळाहून सुमारे ७५ किलोमीटर, रेल्वेने सेवाग्राम किंवा वर्धा स्थानक. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. रोज संध्याकाळी पेल्याचा आधार घेणाऱ्याने ती एकदम न तोडता आधी डॉक्टरांना विचारावे. अचानक थांबवल्याने झटकेही येऊ शकतात.

मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा असावा आणि एवढे दिवस राहायचे तर आधी लिहून परवानगी घ्यावी. एकूण रजा मात्र त्याहून मोठी हवी. पहिले काही दिवस तर नुसती अस्वस्थता जाणवते. त्याला घाबरून पळू नये. पण दोन आठवड्यांनंतरही झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर तो बर्नआउट समजून बसू नये. सेवाग्रामच्याच कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे लगेच जावे.

पगारी दीर्घ रजा देण्याचे कायदेशीर बंधन खासगी कंपनीवर नाही. साठलेली अर्जित रजा आधी वापरावी. बिनपगारी महिन्यांत पीएफची भर थांबते; गटविमा चालू राहील का, हे एचआरकडून लेखी घ्यावे.

सेवाग्रामला जे मिळत नाही ते ऑफिसातच मागावे लागते. सुट्टीचा परिणाम परतल्यावर दोन-चार आठवड्यांत ओसरतो, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. म्हणून निघण्यापूर्वीच वरिष्ठांशी बोलून कामाचा एखादा मोठा भाग कायमचा दुसऱ्याकडे द्यावा, हाताखालची रिकामी पदे भरून घ्यावीत. तेवढे होत नसेल तर रजा पुढे ढकलून आधी ते करावे. आणि रुजू व्हायचा दिवस सोमवार न ठेवता गुरुवार ठेवावा, म्हणजे पहिला आठवडा दोन दिवसांचाच राहतो.