ऑपरेशन्स की एचआर? निवडीआधी टेलर आणि मेयो यांच्याकडे पाहताना

एमएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी ऑपरेशन्स (उत्पादन आणि कामकाजाचे व्यवस्थापन) घ्यावे की एचआर (मनुष्यबळ व्यवस्थापन), हा प्रश्न मुंबईत बहुतेक वेळा नोकरीच्या हिशेबानेच सोडवला जातो. तो हिशेब अवश्य करावा. मात्र या दोन विषयांमागे व्यवस्थापनशास्त्राच्या दोन निरनिराळ्या परंपरा आहेत, ऑपरेशन्समागे टेलर यांची आणि एचआरमागे मेयो यांची, आणि त्यांतली कोणती आपल्या स्वभावाला मानवते, हे फॉर्म भरण्यापूर्वी पाहणे अधिक गरजेचे आहे.

गंमत अशी, की कामगार हात राखून काम करतो, हे एकच निरीक्षण दोन्ही परंपरांना सापडले. अमेरिकी अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी ते फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात आधी कामगार आणि मग मुकादम म्हणून पाहिले. त्यांचे निदान असे होते, की दिवसाचे वाजवी काम किती, हे मालकाला ठाऊक नसते आणि काम वाढले की तो नगामागचा दर उतरवतो, म्हणून कामगार सावध राहतो. यावर त्यांचा उपाय मोजमापाचा होता. बेथलेहेमच्या कारखान्यात मजूर एकाच फावड्याने बारीक कोळसाही उचलत आणि जड खनिजही. त्यामुळे एका खेपेला साडेतीन पौंड, तर दुसऱ्या खेपेला 38 पौंड वजन येई. प्रयोगांती टेलर यांनी 21 पौंडांचा भार योग्य ठरवला आणि प्रत्येक मालासाठी वेगळ्या आकाराचे फावडे दिले. ऑपरेशन्सचा अभ्यास आजही मुळात हाच आहे. मात्र 1911 मध्ये, म्हणजे टेलर यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, वॉटरटाऊनच्या शस्त्रागारातील कामगारांनी कामाची वेळ मोजणाऱ्या स्टॉपवॉचच्या विरोधात काम बंद केले, हेही विसरू नये.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1932 या काळात झालेल्या प्रयोगांतून एल्टन मेयो आणि त्यांच्या हार्वर्डमधील सहकाऱ्यांनी वेगळे उत्तर काढले. तिथे तारा जोडणाऱ्या 14 जणांच्या खोलीत मजुरी गटाच्या एकूण कामावर ठरत असे. जास्त काम म्हणजे सर्वांनाच जास्त पैसे. तरीही त्यांनी दिवसाची मर्यादा आपसात ठरवून घेतली होती आणि ती ओलांडणाऱ्याच्या दंडावर सोबतीच ठोसा मारत. घड्याळाने हे उलगडत नाही. त्यासाठी गटातील नाती समजून घ्यावी लागतात.

फ्रेंच व्यवस्थापन-विचारवंत आँरी फेयॉल यांनी 1916 मध्ये मांडलेली नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण ही कार्ये दोन्हीकडे लागतात, त्यामुळे ती या निवडीच्या आड येत नाहीत.

मुंबईपुरते बोलायचे, तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात, असे माझे मत आहे. 1928 साली इथल्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला, त्यामागे एका माणसाने अधिक माग सांभाळावेत या योजनेला असलेला विरोध हे एक मोठे कारण होते. तिसरा माग घेतला, तर शेजारच्या विणकराची, जो पुष्कळदा आपल्याच मुलखातला असे, रोजी जाणार, ही भीती त्यात होती. अशा भीतीला टेलर गैरसमज मानत. मेयो यांच्या मांडणीत तर कामगार संघटनेला फारशी जागाच नाही. म्हणूनच एचआर घेणाऱ्याने कामगार कायदा आणि संघटनांचा इतिहास मन लावून शिकावा. नागपाड्यात 1936 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत श्रमकल्याणाचा धागा आढळतो. पवईला 1963 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साह्याने उभी राहिलेली आणि आता आयआयएम मुंबई झालेली संस्था औद्योगिक अभियांत्रिकीच्या वाटेने वाढली.

ज्याने कारखाना आतून पाहिलेलाच नाही, त्याने आधी ऑपरेशन्सकडे वळावे, असे मी सुचवेन, कारण काम नेमके कुठे अडते हे दिसल्याशिवाय माणूस का अडतो, याबद्दलचे बोलणे हवेत राहते. तरीही मन ठरत नसेल, तर साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात परवानगी घेऊन तासभर उभे राहावे. लेथवरचा कारागीर एका हत्यारासाठी किती वेळा उठतो, हे आपसूक मोजले गेले, तर ऑपरेशन्स घ्यावे. चहा आल्यावर कोण कोणासाठी थांबतो, याकडे लक्ष गेले, तर एचआर.