स्टेलारिस की एंडलेस स्पेस 2? अवकाशातलं पहिलं साम्राज्य उभारण्याआधी

1 जानेवारी 2200. पृथ्वी तुमच्या ताब्यात आहे. ताफ्यात एक संशोधन जहाज, एक बांधकाम जहाज आणि तीन छोट्या युद्धनौका. वरच्या पट्टीत ऊर्जा, खनिजं, अन्न, मिश्रधातू, ग्राहकोपयोगी वस्तू, प्रभाव, एकता असे आकडे ओळीने उभे. घड्याळ थांबलेलं आहे आणि तुम्ही स्पेसबार दाबेपर्यंत ते हलणार नाही. स्टेलारिस हा संगणकावरचा गेम असा सुरू होतो. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी तो विकत घेतला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी दोन-तीन रात्रींत बाजूला ठेवला. मला त्याची मनापासून हळहळ वाटते, कारण गेम त्यांच्या आवाक्याबाहेरचा नव्हता. त्यांना सुरुवात कुठून करायची हे कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

अवकाशातला मोठा स्ट्रॅटेजी गेम शिकायचा म्हटलं की बहुतेकांसमोर दोन नावं येतात. एक स्टेलारिस, स्वीडनच्या पॅराडॉक्सचा, मे 2016 मध्ये आलेला. दुसरा एंडलेस स्पेस 2, पॅरिसच्या अ‍ॅम्प्लिट्यूड स्टुडिओजचा, मे 2017 चा. दोघांचं घराणं एकच. 1993 मध्ये मास्टर ऑफ ओरायन हा गेम येत असताना अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने या प्रकाराला 'फोर-एक्स' हे नाव दिलं: शोध घ्या, पसरा, साधनं वापरा, शत्रू संपवा. चारही गोष्टी दोन्ही गेममध्ये आहेत. म्हणून 'कशात जास्त काय आहे' याची यादी करून निवड होत नाही. यादीत स्टेलारिसच जिंकतो, आणि तरीही नवख्या माणसासाठी तो पहिला गेम असेलच असं नाही.

मी निवड वेगळ्या कसोटीवर करतो. तुम्ही चूक केलीत, तर ती चूक होती हे तुम्हाला किती वेळाने कळतं?

स्टेलारिसमधला माझा पहिला डाव या एकाच गोष्टीवर गेला. पहिली तीस वर्षं सगळं छान चाललं होतं. खनिजं साठत होती, नवे ग्रह वसत होते. मिश्रधातू मात्र महिन्याला जेमतेम येत होते. त्यांच्यावाचून जहाज बनत नाही आणि सीमेवरचं ठाणंही उभं राहत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 2240 च्या सुमारास शेजाऱ्याने युद्ध पुकारलं आणि वर्षभरात निम्मं राज्य गेलं. मी समजलो की लढाईत कमी पडलो. पुढचा डाव मी युद्धनौकांच्या तोफा नि कवचं यांचा अभ्यास करण्यात घालवला आणि तोही हरलो. खरी चूक 2210 मधली होती, खनिजं साठवून ठेवण्याची; ती वेळेवर मिश्रधातूंच्या कारखान्यांत घालायला हवी होती. कारण आणि परिणाम यांच्यात गेममधली तीस वर्षं होती, आणि माझ्या घड्याळात चार संध्याकाळी. इतक्या लांबून आलेला धडा नवख्याला वाचता येत नाही.

एंडलेस स्पेस 2 मध्ये हे अंतर फार कमी आहे. तो पाळीपाळीने चालतो. तुम्ही पाळी संपवल्याशिवाय विश्वात काहीही घडत नाही. हिशोबही पाच गोष्टींचा: अन्न, उद्योग, डस्ट (तिथलं चलन), विज्ञान आणि प्रभाव. या पाचांची चिन्हं सगळीकडे सारखी, रंग सारखे. एखादी इमारत बांधायच्या आधीच तिच्यामुळे कोणता आकडा कितीने वाढणार ते दिसतं. हावरटपणाने झटपट वसाहती वाढवल्या, तर मर्यादा ओलांडताच जनतेची नाराजी दिसायला लागते आणि पाठोपाठ उत्पादन खाली येतं. पाच-सहा पाळ्यांपूर्वी आपण काय केलं ते आठवत असतं, त्यामुळे बोट नेमकं चुकीवर ठेवता येतं.

तिथलं राजकारण याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे. दर वीस पाळ्यांनी निवडणूक होते. लष्करवादी, वैज्ञानिक, उद्योगवादी, शांततावादी, पर्यावरणवादी आणि धार्मिक असे पक्ष आहेत, आणि त्यांचं बळ तुमच्या वागण्यावर ठरतं. सतत युद्धनौका बांधल्या, तर लष्करवाद्यांची मतं वाढतात. प्रयोगशाळा उभारल्या, तर वैज्ञानिकांची. निवडणुकीत सिनेटचा रंग बदलला की कोणते कायदे लागू करता येतील तेही बदलतं. आपण कसं राज्य केलं याचं प्रगतिपुस्तक दर वीस पाळ्यांनी हातात पडतं, असं समजा. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला मास्तर मी दुसऱ्या कुठल्याही अवकाश-गेममध्ये पाहिलेला नाही.

लढाईतही तोच फरक. एंडलेस स्पेस 2 मध्ये लढाईआधी तुम्ही एक डावपेच निवडता, मग लढाई चित्रपटासारखी बघायची. जहाजं तुमच्या हातात नसतात. काहींना हे अपुरं वाटतं आणि त्यांची तक्रार खोटी नाही. पण पहिल्या पंचवीस तासांत मला तरी ते वरदान वाटलं, कारण लक्ष राज्यकारभारावर राहिलं.

एवढं वाचून कुणी स्टेलारिस नाकारू नये. त्याच्याजवळ जे आहे ते दुसऱ्याकडे नाही. एंडलेस स्पेस 2 मधल्या जमाती आधीच लिहिलेल्या आहेत: व्होडयानी प्रचंड जहाजांतून राहतात, क्रेव्हर्स ग्रह ओरबाडून खातात, होरेशिओ स्वतःच्याच प्रती काढत सुटतो. प्रत्येकाची कथा ठरलेली आहे, आणि ती छान आहे. स्टेलारिसमध्ये मात्र जमात तुम्ही घडवता. शरीर, श्रद्धा, राज्यपद्धती, इतिहास, सगळं तुमचं. मग गेम त्यावर घटनांची माळ ओवत जातो. एखाद्या ओसाड चंद्रावर जुन्या संस्कृतीचे अवशेष सापडतात, एखादा शास्त्रज्ञ मोहिमेतून परतत नाही, आणि शेवटच्या टप्प्यात सगळ्या आकाशगंगेवर येणारं संकट उभं ठाकतं. काही महिन्यांनी तुम्ही त्या राज्याबद्दल गावातल्या जुन्या घराण्याबद्दल बोलावं तसं बोलायला लागता. ज्यांना गोष्ट हवी आहे, त्यांना हा गेम वर्षानुवर्षं पुरतो.

त्या गोष्टीची किंमत वाचनात मोजावी लागते. दोन्ही गेम मराठीत किंवा हिंदीत नाहीत. एंडलेस स्पेस 2 चिन्हांवर बराच भागतो. स्टेलारिसच्या घटना मात्र लांब, साहित्यिक इंग्रजीत आहेत, आणि त्या न वाचता पर्याय दाबत गेलं तर अर्धा आनंद हातचा जातो. घरातल्या शाळकरी मुलासाठी गेम घेत असाल, तर हा विचार आधी करा.

दुसरी अडचण शिकवण्यांची, म्हणजे गेम शिकवणाऱ्या व्हिडिओंची. स्टेलारिस आजवर अनेकदा मुळापासून बदलला आहे. फेब्रुवारी 2018 पर्यंत ताऱ्यांमधून प्रवासाच्या तीन पद्धती होत्या. नंतर सगळ्यांना हायपरलेनच्या ठरावीक वाटांवर आणलं. डिसेंबर 2018 मध्ये ग्रहांवर इमारती बांधायचे जुने चौकोन जाऊन जिल्हे आणि नोकऱ्या आल्या. मे 2025 च्या 4.0 आवृत्तीत लोकसंख्येचा हिशोब पुन्हा नव्याने मांडला. त्यामुळे यूट्यूबवर सापडलेला 'नवशिक्यांसाठी' व्हिडिओ कोणत्या आवृत्तीचा आहे हे पाहिल्याशिवाय त्यातला एकही सल्ला पाळू नका. निम्म्या नवख्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. एंडलेस स्पेस 2 आता बऱ्यापैकी स्थिर आहे. जुन्या शिकवण्याही चालतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो. दोघांनाही विस्तार (वेगळे विकत घ्यायचे जोड-भाग) आहेत, स्टेलारिसला फार. पहिले दोन डाव मूळ गेमवरच खेळा. ताऱ्याभोवती डायसन स्फिअर (त्याची ऊर्जा गोळा करणारं महाकाय कवच) बांधायची हौस असेल, तर 2017 चा यूटोपिया हा विस्तार नंतर कधीही घेता येतो. सेल वारंवार लागतात, घाई नको. लॅपटॉप साधा असेल तर हेही लक्षात ठेवा की स्टेलारिस शेवटच्या शतकात मंदावतो, आणि आकाशगंगा जितकी मोठी तितका जास्त.

या दोघांशिवाय तिसरं नाव घ्यायचं, तर सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर 2. सायबर कॅफेत एज ऑफ एम्पायर्सवर ज्यांचा हात बसला, त्यांना हा घरचा वाटेल. सगळं प्रत्यक्ष वेळेत, ग्रह आपल्या कक्षेत फिरतात आणि त्यांच्यामधल्या वाटा त्याबरोबर बदलतात, मोठी जहाजं लढता लढता अनुभवी होतात. चूक दहा मिनिटांत कळते. राज्यकारभार मात्र पातळ आहे, म्हणून शिकण्यासाठी मी तो दुसऱ्या क्रमांकावरही ठेवणार नाही. ऑरोरा फोर-एक्स फुकट आहे म्हणून कुणी तिथे वळत असेल, तर थांबा. अकरा प्रकारची खनिजं, इंधन आणि जहाजांची देखभाल या सगळ्याचा हिशोब ठेवणारा तो गेम अनुभवी माणसाचाही घाम काढतो.

माझा सल्ला असा. ज्याने या प्रकारचा एकही गेम खेळलेला नाही, त्याने एंडलेस स्पेस 2 घ्यावा आणि युनायटेड एम्पायर, सोफॉन्स किंवा लुमेरिस यांपैकी एक जमात निवडावी. व्होडयानी, अनफॉलन आणि रिफ्टबॉर्न यांचे नियमच निराळे आहेत, ते नंतर. पहिल्या साठ-सत्तर पाळ्या युद्ध टाळून फक्त अन्न आणि नाराजी या दोन गोष्टींवर नजर ठेवा. दोन डाव पूर्ण झाले की स्टेलारिसकडे वळा. अन्न, उद्योग, प्रभाव यांची सवय झालेल्या डोळ्यांना ती वरची पट्टी मग भीतीदायक वाटत नाही.

ज्यांना थांबायचंच नाही आणि थेट स्टेलारिसच हवा आहे, त्यांनी निदान चूक आणि ती कळणं यांच्यातलं अंतर स्वतःहून कमी करावं. पृथ्वीचं तयार राज्य, युनायटेड नेशन्स ऑफ अर्थ, निवडा. शेजाऱ्यांशी जमवून घेणारी जमात असल्याने सुरुवातीला दम खायला वेळ मिळतो. आकाशगंगा चारशे ताऱ्यांची, अवघडपणा 'कॅडेट' या सोप्या पातळीचा. दुसरं संशोधन जहाज लगेच बांधा. जहाजांची रचना गेमवर सोपवा. सीमेवरचं ठाणं, नवं युद्ध, मोठी गुंतवणूक असलं काहीही करताना आधी स्पेसबार दाबून घड्याळ थांबवा.

आणि एक वही ठेवा. गेममधली दर दहा वर्षं झाली की घड्याळ थांबवून त्यात तीन आकडे लिहा: महिन्याला मिश्रधातू किती, संशोधन किती, ऊर्जा किती. 2210, 2220, 2230. मी तिसऱ्या डावापासून हे करतोय. 2240 मध्ये शेजारी चाल करून आला तेव्हा वहीत पाहिलं. मिश्रधातूंचा आकडा तीन ओळींत तिप्पट झालेला होता. तो ताफा सीमेवरूनच परत गेला.