तीन जोड, अकरा महिने आणि सिंहगडाची उतरण

चपलांच्या कपाटात माझ्या एकटीचे ट्रेल रनिंगच्या, म्हणजे डोंगरवाटांवर धावायच्या, बुटांचे तीन जोड आहेत, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. ‘पाय दोनच ना गं?’ हा प्रश्न दर रविवारी पहाटे येतो. त्याचं उत्तर त्यांना देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

गेल्या जूनपासून या एप्रिलअखेरपर्यंत तिन्ही आलटून पालटून वापरले. निळा ४१० किलोमीटर, करडा ५२५, मरून २८०. आकडे घड्याळातल्या नोंदींवरून आहेत, अंदाजपंचे नाहीत. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. बूट दर वर्ष-दीड वर्षाने त्याच नावाने पण नव्या साच्यात येतात, कधी वरचं कापड बदलतं, कधी रबर. मी घेतलेला निळा आज मागितलात तर हातात बहुधा वेगळाच बूट पडेल. त्यापेक्षा प्रत्येक जोडात काय होतं आणि त्याचं पुढे काय झालं, ते तुमच्या जास्त कामाचं.

निळा म्हणजे जाड गादीवाला, टाचेखाली ३५ मिलिमीटरच्या आसपास, ड्रॉप (टाच चवड्यापेक्षा जेवढी उंच ते) ५, तळाचे दात ४ मिलिमीटर, किंमत साडेबारा हजार. करडा झिरो ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर, पुढून पंज्यासारखा रुंद, १०,८००. मरून साधा, कडक रबराचा, दात चांगले ५ मिलिमीटर, पुढून निमुळता, साडेतीन हजार. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तर निळा एका पायाचा २८२ ग्रॅम, करडा २७०, मरून ३१०. (काटा नंतर धुतला.) माझं वय ४३, वजन ६४ किलो, पाय पुढून पसरट, उजवा डाव्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर लांब. हे सांगणं भाग आहे, कारण याच जोडांबद्दल ५० किलोचा चपळ मुलगा काहीतरी वेगळंच सांगेल.

रस्ता कुठला, तेही महत्त्वाचं. आठवड्यातून दोनदा पुण्यातली वेताळ टेकडी, रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, पावसाळ्यात मुळशीकडे भातखाचरांच्या बांधांवरून, आणि डिसेंबरात एकदा पूर्ण कात्रज ते सिंहगड. यूट्यूबवर ज्या पायवाटांवर बूट तपासलेले असतात त्या बहुतेक मऊ मातीच्या, पाइनच्या झाडांखालच्या. आपल्याकडे बसाल्ट. कोरडा असला की कानशीसारखा खरखरीत, कापड खातो. ओला होऊन शेवाळ धरलं की साबण. दिवाळीनंतर गवत वाळतं, वरची माती उडून जाते आणि उतारावर नुसता बारीक मुरूम उरतो, बेअरिंगवर पाय ठेवल्यासारखा. शिवाय प्रत्येक गडाच्या पायथ्याला दोन-तीन किलोमीटर डांबर असतंच. एका बुटाने हे सगळं झेपवावं ही अपेक्षाच जरा जास्त आहे, पण आपण तीच ठेवतो.

आता मापाचं. माझ्या सगळ्या चुका इथेच झाल्या.

मरून जोड मी सकाळी अकराला दुकानात जाऊन घेतला. पातळ मोजे, गार फरशी, चार पावलं इकडे चार तिकडे, मस्त बसला. घरी आणला. पाय दिवसभरात सुजतो, धावताना आणखी सुजतो, हे वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि कळलेलं यात फरक असतो. दुसऱ्याच रविवारी सिंहगड उतरताना प्रत्येक पावलाला अंगठा पुढच्या भिंतीवर आदळायला लागला. चढताना हा बूट अगदी गुणी वाटतो. उतारावर सगळं वजन पुढे सरकतं, पाय बुटाच्या आत घसरतो आणि नख हातोडीचं काम करतं. उजव्या अंगठ्याचं नख आधी जांभळं, मग काळं, आणि गणपतीत विसर्जनाच्या दिवशी निघून आलं. नवं पूर्ण यायला फेब्रुवारी उजाडला.

निळा घेताना शहाणपण आलं होतं. संध्याकाळी गेले, धावायचेच जाड मोजे नेले, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडली. लांबी जमली, रुंदी नाही. बायकांसाठीचे ट्रेल बूट त्याच नंबरात पुरुषांपेक्षा अरुंद असतात आणि दुकानात येतात ते बहुतेक एकाच रुंदीत. त्यात ज्यांचं बालपण अनवाणी आणि चपलांत गेलं त्यांची बोटं पसरलेली. करंगळीच्या बाजूला कापड ताणलेलंच राहिलं. ‘वापरून सैल होईल’ असं विक्रेता म्हणाला. सैल झालं नाही, फाटलं. ते पुढे येतंच.

करड्याच्या वेळी मी सरळ पुरुषांचा ७ नंबर मागितला. समोरच्या मुलाने ‘मॅडम, हा जेंट्समध्ये आहे’ असं तीनदा सांगितलं. मी तीनदा हो म्हटलं. पाय आत गेला आणि पाचही बोटं आपापल्या जागी पसरली. इतक्या वर्षांत बुटात ही भावना पहिल्यांदा. ज्या बायकांचे पाय पुढून रुंद आहेत त्यांनी रंगाचा मोह सोडून हे एकदा करून बघावंच. अडचण एवढीच की पुरुषांचे नंबर ६–७ पासून सुरू होतात, त्यामुळे पाय लहान असेल तर हा दरवाजा बंद. आणि यूके, यूएस, युरोपियन आकड्यांच्या भानगडीत पडू नका. जिभेच्या मागच्या चिठ्ठीवर सेंटीमीटर किंवा मिलिमीटर छापलेले असतात, ते बघा. यूके ७ प्रत्येक कंपनीचा वेगळा निघतो, सेंटीमीटरमध्ये घोळ कमी.

पुढून रुंद बुटाची टाच मात्र मला सैल झाली. सुरुवातीला उतारावर टाच वर-खाली व्हायची आणि मागे फोड यायचा. घोट्याजवळ सगळ्यात वर जे जास्तीचं भोक असतं, जे आपण जन्मात वापरत नाही, त्यात लेस उलटी घालून छोटा फास करायचा आणि समोरची लेस त्यातून ओवून ओढायची. टाच जागेवर बसते. हे एका मैत्रिणीने आतकरवाडीच्या पार्किंगमध्ये बसून शिकवलं. त्यानंतर फोड नाही. सुती मोजे सोडले, तोही भाग असेल. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतो.

आरामाच्या बाबतीत पहिल्या दिवशी निळ्याला तोड नव्हती. पायाखाली गादी, दगड टोचत नाही, डांबरावर गुडघ्याला सुख. वेताळ टेकडीवर तो राजा आहे. पण जाड सोलची एक किंमत असते: जमिनीपासून तुम्ही उंच उभ्या असता. कात्रज ते सिंहगडच्या टेकड्यांवर आडव्या वाटा बऱ्याच, एक पाय वर, एक खाली, वाट जेमतेम बुटाएवढी. तिथे निळा कडेला कलायचा आणि घोटा त्याच्यासोबत. सातव्या की आठव्या टेकडीनंतर, मोजदाद तोवर गेली होती, डावा घोटा मुरगळला. फार नाही, पण उरलेली वाट चालत काढली आणि धावणाऱ्यांना ‘पुढे व्हा’ म्हणत राहिले. करड्यात पाय जमिनीलगत असतो, खालचा दगड कळतो आणि शरीर स्वतःच सावरून घेतं. टोचतो मात्र. सुरुवातीचे तीन आठवडे पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटं उतरावं लागायचं. झिरो ड्रॉपमध्ये टाच खाली येते, पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन किलोमीटर, पुढच्या आठवड्यात चार, असंच वाढवायचं. मी पहिल्याच दिवशी आठ केले, म्हणून तो जिना.

पकडीबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर कुणालाच आवडत नाही. शेवाळावर तिन्हींपैकी एकही बूट धरत नाही. तिथे बाजूच्या गवतावरून जायचं किंवा निमूट बसून उतरायचं. पण शेवाळ नसलेला नुसता ओला कातळ असेल तर फरक मोठा आहे, आणि तो दातांचा नसून रबराचा आहे. मरूनचे दात सगळ्यात खोल, पण रबर कडक, ओल्या कातळावर तो काचेवरच्या पाटासारखा सरकतो. निळ्या आणि करड्याचं रबर मऊ, ते दगडाला चिकटतं. दुकानात अंगठ्याचं नख दातात रुतवून बघा. खूण उमटून हळूहळू गेली तर मऊ, नख नुसतं घसरलं तर कडक. खोल दातांचा उपयोग चिखलात. मुळशीच्या बांधांवर जुलैत मरून एकटाच उभा राहिला, बाकी दोघांच्या तळाला चिखलाच्या भाकरी चिकटल्या. ॲक्शन कंपनीच्या स्वस्तातल्या ‘ट्रेकिंग’ बुटांवर आपल्या ट्रेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या सह्याद्री फिरल्या आणि अजूनही त्याचंच नाव घेतात, त्यामुळे किमतीवरून पकड ठरवण्यात अर्थ नाही.

वॉटरप्रूफ अस्तराचा जोड मी घेतला नाही आणि आपल्या पावसात घेऊही नये असं माझं मत. पाणी वरून, घोट्यातून आत येतं आणि मग त्याच अस्तरामुळे बाहेर जात नाही. जाळीचा बूट भिजतो, पण ओढा ओलांडून दहा-पंधरा मिनिटं पळालं की पचक-पचक थांबते.

टिकाऊपणाचा निकाल आमच्या चौकातल्या गटई काकांनी दिला. निळा ३३० किलोमीटरला करंगळीजवळ फाटला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. त्यांनी बूट पिळला, कानाशी धरून टाच वाकवली, सोलच्या कडेला नख घातलं आणि म्हणाले, ‘ताई, सोल अजून वर्ष जाईल. कापडच हलकं दिलंय.’ आतून पातळ चामड्याचा तुकडा लावून शिवून दिला, १५० रुपये. ती शिवण आजही शाबूत आहे, तिच्या शेजारचं कापड गेलं. साडेबारा हजारांच्या बुटात काकांचं काम सगळ्यात टिकाऊ ठरलं. गादीही आता पूर्वीची नाही. कडेला आडव्या सुरकुत्या पडल्यात आणि लांब उतारानंतर गुडघा पुन्हा बोलतो. बाहेरून दात ठीक दिसतात, आतला फोम बसलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

करड्याचं उलटं. कापड अजून धड आहे, फक्त लेसच्या दोन भोकांपाशी उसवलं. दात मात्र चवड्याखाली निम्म्याहून कमी उरलेत. मऊ रबर दगडाला चिकटतं तसंच डांबराला स्वतःला देऊन टाकतं. पायथ्याचं डांबर मी धावत काढायचे, तिथे चालले असते तर हे रबर आणखी थोडं पुरलं असतं. ४५० किलोमीटरला पुढचा सोल बोटाच्या टोकाशी सुटायला लागला. काकांनी सोल्यूशन लावून रात्रभर दोरीने आवळून ठेवला, वर चार टाके घातले. ‘उन्हात वाळवता का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. वाळवत होते, तेही गच्चीवरच्या पत्र्यावर. उष्णतेने डिंक सुटतो. आता आत रद्दी कोंबून पंख्याखाली ठेवते, कागद दोन तासांनी बदलते, आणि वासाची तक्रारही निम्म्यावर आली.

मरून? त्याला काहीही झालेलं नाही. २८० किलोमीटरनंतर दात जवळपास नवे. माझं नख गेलं, त्याचा एक टाका गेला नाही.

काहीजण चांगला बूट ‘मोठ्या ट्रेकसाठी’ माळ्यावर ठेवून देतात, त्यांच्यासाठी एक. एका मित्राचे जुने ट्रेकिंग बूट चार वर्षं खोक्यात होते. राजगडाच्या चोर दरवाजाच्या वाटेवर दोन्ही सोल पाठोपाठ निघाले, गुळाच्या ढेपेसारखे भुगा होत. त्या बुटांचा सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकचा होता. तो हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षांत आतून कुजतो, वापरा की नका वापरू. पाठपिशवीच्या पट्ट्यांनी सोल बांधून तो उतरला.

हिशोब करायचाच तर आजवर निळा मला किलोमीटरला साडेतीस रुपयांना पडला, करडा साडेवीस, मरून साडेबारा. त्यात काकांचे पैसे आणि नखाचा डॉक्टर धरलेला नाही. तरी मी रविवारी पायात घालते तो करडाच, शिवलेला. निळा टेकडीवर आणि कॅनॉलच्या रस्त्याला. मरून जुलैची वाट बघतोय. त्याच्यासाठी मी मोज्याखाली अंगठ्याला कापडी पट्टी गुंडाळायला शिकले आहे.

करड्याचा सोल हा पावसाळा काढणार नाही, काकांनीही मान हलवली. म्हणून मे संपायच्या आत नवा जोड घ्यायचा आहे. काल संध्याकाळी टेकडीवरून आल्या आल्या फरशीवर कागद ठेवून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली. डावा २४.४, उजवा २४.९, चवड्याशी ९.९ रुंद. तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवलाय, मोज्यांसकट.