जेसीबीचा सेल्फ ‘बदलून’ देणाऱ्या वायरमनपासून सावध

गगनबावडा, राधानगरीकडं पावसात मशीन लावणाऱ्या मालकांनी हे जरूर वाचावं. एका फिरत्या वायरमननं आम्हाला गंडवलं आणि त्याचा धंदा अजून जोरात सुरू आहे.

तक्रार साधी होती. किल्ली मारली की नुसतं ‘कट्’, इंजिन फिरत नव्हतं. ऑपरेटरनं साइटवरच त्याला बोलावलं. त्यानं पान्यानं सेल्फचे, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचे, टर्मिनल शॉर्ट करून चांगल्या ठिणग्या पाडल्या आणि सांगितलं, “आर्मेचर जळालंय मालक, सेल्फच बदलाय लागतोय.” जुना घेऊन गेला, संध्याकाळी चकचकीत ‘नवा’ बसवला. 14,000 रुपये. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “कशाला उगच टॅक्स भरताय?” मशीन पहिल्याच झटक्याला चालू. मग कोण कशाला शंका घेईल?

लबाडी इथंच होती. सेल्फ बसवता बसवता त्यानं चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट (बॅटरीची निगेटिव्ह केबल जिथं मशीनच्या सांगाड्याला जोडतात तो) सोडवून, पॉलिश पेपरनं घासून परत आवळला होता. दुरुस्ती खरी झाली, पण ती एवढीच. पैसे मात्र सेल्फचे घेतले.

तो बोल्ट पावसात पुन्हा गंजला आणि पुन्हा ‘कट्’ सुरू झालं. या वेळी तोच वायरमन म्हणाला, “बॅटरी बसली”. चार्जिंगला म्हणून नेली आणि परत आणली ती दुसरीच, त्याच कंपनीची पण जुनी. बॅटरीवरचा नंबर वॉरंटी कार्डाशी जुळेना, तेव्हा मशीन थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनला दाखवलं.

त्यांनी काही न सोडवता आधी मल्टीमीटर काढला. ऑपरेटरला किल्ली मारायला लावली. बॅटरीच्या खुंट्यांवर 11.8 व्होल्ट, आणि बॅटरीची निगेटिव्ह खुंटी ते सेल्फची बॉडी यांच्यात तब्बल 8. इथं अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला की अर्थिंगमध्ये खोट, असं ते म्हणाले. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. 300 अँपिअरला सांध्यात 0.01 ओहमचा अडथळा असला तरी 3 व्होल्ट तिथंच खपतात. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट (जिथं बॅटरीची केबल येते) इथंही मोजायचं.

भरलेली बॅटरी नुसती उभी असताना 12.6 दाखवते. किल्ली मारल्यावर ती 9.6 च्याही खाली घसरली, तर बॅटरी नाहीतर अडकलेला सेल्फ यांच्यावर संशय घ्यायचा. आवाजच येत नसेल तर गिअर न्यूट्रलला आहे का, न्यूट्रल स्विच, रिले, फ्यूज हे आधी बघायचं. पोकलेनला 24 व्होल्ट असतात, तिथं बॅटरीचे आकडे दुप्पट धरा. आणि हे सगळं करताना मशीन न्यूट्रलला, ब्रेक लावून, चाकाजवळ कुणी नको.

मग त्यांनी तो ‘नवा’ सेल्फ खोलला. आत कार्बन (करंट पोचवणारे ब्रश) झिजून संपत आलेले, बाहेर ताज्या रंगाखाली वाळलेला चिखल. मागं दगड लागून बॉडीला पडलेला खोचा रंगाखाली जसाच्या तसा. आमचाच सेल्फ आम्हालाच विकला होता पठ्ठ्यानं!

साइटवर कुणी “सेल्फ गेला” म्हणालं, तर अर्थिंग आणि पॉझिटिव्ह केबलचं मोजमाप तुमच्यासमोर करायला लावा. सेल्फ, बॅटरी, डायनॅमो काहीही बाहेर जाणार असेल तर नंबराचा फोटो आधी काढा, आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. जुना पार्ट द्यायला का-कू करणारा माणूस मला तरी सरळ वाटत नाही.

वॉरंटी कार्डावरचा नंबर पुढं केल्यावर आमची मूळ बॅटरी चुपचाप परत आली. 14,000 चं विचारलं, तर “बिल दाखवा” म्हणतो.