बिअरच्या नळाला लोण्याचा वास आणि माझे १,५२,१२८ रुपये

आधीच सांगते, ‘एवढं कसं कळलं नाही तुम्हाला’ हे घरातल्यांपासून पुरवठादारापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. बिअरची लाईन, म्हणजे केगपासून (बिअरच्या पिंपापासून) नळापर्यंतचा पाईप, धुवायला आलेल्या माणसाने मला फसवलं. ज्यांच्याकडे ड्राफ्टचे, म्हणजे केगमधून बिअर काढायचे नळ आहेत त्यांच्यासाठी लिहितेय.

पुण्याच्या बाहेर हायवेला आमचं फॅमिली रेस्टॉरंट आणि परमिट रूम आहे, चार टॅप. ऑगस्ट २०२४ मध्ये मिस्टरांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि किचन सोडून मला काउंटरला बसावं लागलं. मी स्वतः बिअर पीत नाही, चव घ्यायची तर कॅप्टनवर अवलंबून. केग देणारे आधी लाईन धुवायला माणूस पाठवायचे, ते बंद झालं आणि नेमका तेव्हाच हा लाईन धुणारा आला. कंपनीचा वाटावा असा टी-शर्ट, गळ्यात कार्ड, हातात पंप, आणि आमच्याच रोडवरच्या एका हॉटेलवाल्याचं नाव. त्या हॉटेलवाल्याला मी फोन केला नाही. दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, कधी करणार होते?

वर्षाचा एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ३६,००० अधिक जीएसटी, म्हणजे ४२,४८० रुपये, सगळे आगाऊ. दर चौदा दिवसांनी चारही लाईन धुणार असं ठरलं. यायचा वेळेवर, त्याबद्दल तक्रार नाही. पण वीस मिनिटांत चार टॅप आटोपून सही घेऊन जायचा. आता मला माहितीये की कॉस्टिक सोड्याचं दोन-तीन टक्क्यांचं पाणी एका लाईनमधून पंपाने किमान पंधरा मिनिटं फिरवावं लागतं, पंप नसेल तर वीस मिनिटं भरून ठेवावं लागतं, आणि मग साध्या पाण्याने पीएच पट्टी (सोडा उरलाय का ते दाखवणारा कागद) साध्या पाण्याइतकी येईपर्यंत धुवावं लागतं. वीस मिनिटांत चार लाईन होऊच शकत नाहीत. घड्याळ लावून उभे राहा, लाजू नका.

डिसेंबरात गिऱ्हाईक म्हणायला लागलं की बिअरला लोण्यासारखा, पॉपकॉर्नसारखा वास येतोय. तो म्हणाला केगच खराब, ब्रुअरीने घाई करून माल काढलाय. आणि हे पटण्यासारखं होतं हो, कारण कच्च्या बिअरलाही तसाच वास येतो, ते खोटं नाहीये. खरं बोलून फसवलं त्याने. पण लोणी लाईनमधल्या जंतूंमुळेही येतं, आणि ते शोधायची पद्धत साधी आहे, तोच केग दुसऱ्या टॅपला लावायचा. वास केगबरोबर गेला तर केग, जागेवर राहिला तर लाईन. हे त्याने सांगितलं नाही आणि मी ७ केग ५,४०० च्या भावाने ओतून दिले, ३७,८०० रुपये मोरीत. थर्टी फर्स्टच्या आठवड्यात.

जानेवारीत आंबट व्हिनेगरसारखं यायला लागलं. मग त्याने जे केलं ते आठवलं की अजून झोप लागत नाही. कपलरपासून, म्हणजे केगच्या तोंडावर बसणाऱ्या जोडणीपासून, लाईनचा एक तुकडा कापला, उभा चिरला आणि माझ्या हातात दिला. आत तपकिरी, बुळबुळीत थर, नखाने ओढला तर तार सुटत होती. ‘मॅडम, लाईनच मेली तुमची.’ मला अक्षरशः मळमळलं, लोकांना आपण हे पाजत होतो या विचाराने मी रडले तिथे. आणि त्याच मिनिटाला नवीन इंपोर्टेड लाईनचे ४८,६०० अधिक जीएसटी, ५७,३४८ रुपये ट्रान्सफर केले.

चार महिने दर चौदा दिवसांनी तूच धुतलीस ना ही लाईन? मग हे आलं कुठून? एवढंच विचारायचं होतं मला. त्याच्या चोरीचा पुरावा त्याने स्वतः माझ्या हातात ठेवला आणि मी त्याचे पैसे दिले. आठ भेटींच्या आठ सह्या माझ्याच.

नवी लाईन म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक प्लास्टिकचा पाईप, त्यावर फूड ग्रेडची एक छापील खूण नाही. बिअरला प्लास्टिकचा वास. त्यावर उपाय म्हणून ‘सॅनिटायझर युनिट’, १४,५०० कॅश, आणि त्यात त्याने भरलं घरगुती ब्लीच. क्लोरीन बिअरला लागलं की दवाखान्यातल्या पट्टीसारखी चव येते आणि ती जाता जात नाही. लाईनमध्ये ब्लीच कोणालाही घालू देऊ नका, कोणालाही.

मार्चमध्ये त्याचा फोन बंद. मग ओळखीतून मायक्रोब्रुअरीतला एक मुलगा आला, त्याने पहिलं काम काय केलं तर स्पॅनर लावून टॅप खोलला. आत काळी बुरशी. म्हणाला, काकू, हा नट बसवल्यापासून कोणी फिरवलेलाच नाही. प्रत्येक धुण्याला टॅप आणि कपलर सुटे झालेच पाहिजेत, तुमच्यासमोर. तीन महिन्यांनी एकदा लाईन ॲसिडने धुवायची, नाहीतर दगडासारखा थर बसतो आणि जंतू त्याच्या आड राहतात.

आता पोलिसांचं ऐका. चौकीत पहिला प्रश्न, ‘मिस्टर नाही आले?’ मिस्टर बेडवर आहेत सांगितलं. ‘पैसे तुम्हीच दिले, काम करून गेला, सह्या आहेत, हा दिवाणी वाद झाला.’ भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मी मोबाईलवर काढून दाखवलं तर म्हणे कलम आम्हाला नका शिकवू. साध्या कागदावर अर्ज घेतला, एफआयआर नाही. दुसऱ्या वेळी, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या वेळी बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून आणा. चौथ्या वेळी एक जण हसत म्हणाला, दारूच्या धंद्यात असं चालायचंच. माझ्याकडे लायसन्स आहे, दरवर्षी फी भरते, नऊ माणसांचे पगार देते, आणि मी चोर असल्यासारखी बाकावर बसले होते! एक्साईजवाले म्हणतात पाईप आमच्यात येत नाही. अन्नवाले म्हणतात बिअर खराब असेल तर ब्रुअरीची तक्रार द्या, अरे पण ब्रुअरीची चूकच नाही ना. ग्राहक आयोगाचं वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेली सेवा, तुम्ही ग्राहकात बसत नाही, स्वयंरोजगाराची सूट आहे पण नऊ कामगार बघून समोरचा तेच उचलणार. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच कुणाची रद्द झालेली नोंदणी. मेल केला, तिकीट नंबर आला, बस. तो नंबर पैसे देण्याआधी टाकून बघा, दोन मिनिटं लागतात, मी दोन लाख वेळा हे स्वतःला सांगितलंय.

वर्षाचं आगाऊ देऊ नका, प्रत्येक भेटीचे द्या, ग्लास भरून चव घेतल्यावर. आणि दिलेल्या नावावर फोन करा. त्या हॉटेलवाल्याला मी एप्रिलमध्ये केला, त्याचे ६१,००० गेलेत आणि त्याला माझं नाव सांगितलं होतं म्हणे.

आता आम्ही दोघं मिळून सोमवारी पुन्हा चौकीत जातोय, चिरलेला पाईप पिशवीत घालून. अजून कोणाचे गेले असतील तर बिलं घेऊन या.