कार्डाचं ‘लॉक’ काढायचे १२,७४० रुपये घेतले, आणि आईच्या ओव्याही गेल्या

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डासाठी एका डेटा रिकव्हरीच्या दुकानाने घेतलेली रक्कम आधीच सांगते. तपासणीचे ५००. ‘लॉक तोडून रिकव्हरी’चे ९,४४०, म्हणजे ८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, पण बिलावर जीएसटी नंबरच नाही. ‘दोन टीबी’च्या एसएसडीचे, म्हणजे डेटा साठवायच्या बाहेरच्या डिस्कचे, २,८००. एकूण १२,७४० रुपये. पैसे परत मिळोत न मिळोत, पण दुसऱ्या कुणाला असं लुबाडू नये म्हणून हे लिहितेय.

आईच्या जात्यावरच्या ओव्या मी मुरबाडला गावच्या घरी दोन उन्हाळे बसून चित्रित केल्या होत्या. छोटा व्हिडिओ कॅमेरा, त्यात ६४ जीबीचं एसडी कार्ड, त्यातलं ५१ जीबी भरलेलं. आई गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला तिचा आवाज लावायचा म्हणून कार्ड लॅपटॉपला जोडलं, दोन हललेल्या फाइल काढून टाकायला गेले, तर डिस्क राइट-प्रोटेक्टेड असल्याचा संदेश. कॅमेऱ्यात घातलं, तिथेही तेच. लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून सगळं उतरवून ठेवलेलं नव्हतं. ठेवायला हवं होतं, मान्य. घरातल्या चौघांनी ते ऐकवून झालंय, तुम्ही पुन्हा ऐकवू नका.

ठाण्यात नौपाड्यात एका दुकानाच्या काचेवर ‘डेटा रिकव्हरी’ लिहिलेलं होतं. कळव्याहून येता-जाता वर्षानुवर्षं दिसणारं दुकान, म्हणून विश्वास. काउंटरवरच्या मुलाने कार्ड कॉम्प्युटरला लावलं, एक फाइल उघडली, आणि त्या दुकानात आईचा आवाज आला. मला रडू फुटलं. तो म्हणाला, “ताई, आत्ता उघडतंय, पण लॉक आत पसरत चाललंय. आज लॅबला नाही पाठवलं तर सगळं जाईल.”

इथे. इथेच मला कळायला हवं होतं. फाइल उघडत होती, ओवी ऐकू येत होती, मग रिकव्हरी कसली करणार होता तो? राइट-प्रोटेक्ट म्हणजे लिहायला, पुसायला मनाई. वाचायला मनाई नसते. त्या क्षणी ५१ जीबी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं असतं की काम संपलं होतं. पण आईचा आवाज कानात असताना कुणाचं डोकं चालतं? माझं नाही चाललं. आणि हे त्याला पुरेपूर माहीत होतं, म्हणून तर त्याने आधी फाइल लावली आणि मग पैसे सांगितले.

खात्री पटवायला त्याने विंडोजची ती कमांड लिहायची काळी खिडकी उघडून डिस्कपार्ट, म्हणजे डिस्कची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम, चालवलं. ‘करंट रीड-ओन्ली स्टेट : येस’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “बघा, आतून लॉक झालंय.” त्याच्या खालच्याच ओळीत ‘रीड-ओन्ली : नो’ होतं, ते दाखवलं नाही. माझ्या भाच्याने नंतर समजावलं. खालची ओळ म्हणजे विंडोजने स्वतः ठेवलेली नोंद. ती डिस्कपार्टच्या कमांडने पुसता येते. वरची ओळ म्हणजे आत्ताची खरी स्थिती. खाली ‘नो’ आणि वर ‘येस’, म्हणजे मनाई विंडोजची नव्हतीच, कार्डरीडरकडून आलेली होती.

आणि कार्डरीडर तसं का सांगत होता? कार्डाच्या डाव्या कडेला प्लॅस्टिकचा एक इवलासा खटका असतो, तो खाली सरकला होता. एवढंच! त्या खटक्याला आतली एकही तार जोडलेली नसते, कार्डाच्या चिपला तो वर आहे की खाली हे कळतसुद्धा नाही. रीडरच्या खाचेतली कळ खटक्याची जागा ओळखते, रीडर तसं कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर लिहायला नकार देतो. विंडोजऐवजी लिनक्स असलेल्या कॉम्प्युटरवर तर नोंदीत ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ असं सरळ छापून येतं. नखाने वर सरकवायचं काम. फुकटचं.

पहिल्या दिवशी भाच्याला मी कार्डाचा फोटो पाठवला होता. त्यात खटका खाली आहे. दुकानातून परत आलेल्या कार्डावर तो वर आहे. हाच माझा पुरावा.

पण परत आलेलं कार्ड कोरं होतं. “लॉक काढायला फॉरमॅट करावंच लागतं, डेटा एसएसडीवर घेतलाय,” म्हणाला. घरी एसएसडी लावली. सगळ्या फाइल दिसल्या, नावं बरोबर, आकार बरोबर. सुरुवातीच्या वाजल्या, पुढच्या वाजेनात. भाच्याने एचटूटेस्टडब्ल्यू या डिस्कची खरी जागा मोजणाऱ्या प्रोग्रॅमने तपासली तर खरी जागा २९ जीबी. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार सांभाळणारी चिप, तीच खोटं बोलत होती, आणि डिस्क स्वतःबद्दल जे सांगते ते विंडोज खरं धरते. जागा संपल्यावरही लिहिणं ‘यशस्वी’ होत राहिलं, डेटा मात्र कुठेच नव्हता. कार्डावर फोटोरेक हा पुसलेल्या फाइल शोधणारा प्रोग्रॅम चालवून पाहिला, काही सापडलं नाही. क्विक फॉरमॅटनंतर बरंच काही परत मिळू शकतं. पण विस्टापासून विंडोजचं पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहून टाकतं. त्याने तेच केलं असणार. आईच्या शेवटच्या उन्हाळ्यातल्या ओव्या त्या पुढच्या २२ जीबीत होत्या.

दुकानदार म्हणाला, “आम्ही डेटा दिला, तुमचा लॅपटॉप स्लो आहे.”

चौकीत गेले. ड्यूटीवरचे साहेब म्हणाले, “तुम्ही स्वतः काउंटरवर यूपीआय केलंत, यात फसवणूक कुठे? हे दिवाणी आहे.” मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम छापून नेलं होतं. ते कागदाकडे न बघता म्हणाले, “कॉम्प्युटरचं आहे ना, सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, ऑनलाइन व्यवहार नाही, दुकान चौकीच्या हद्दीत, तिथेच जा. पुन्हा चौकी. तेव्हा साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला एक जण मला म्हणाला, “ताई, कार्डात होतं काय? गाणीच ना?” माझ्या आईच्या आवाजाची किंमत पंचनाम्यात बसत नाही, हे मला कळतं. पण साधी पोचसुद्धा देऊ नये? चार फेऱ्या, चार अर्धे दिवस, आणि हातात एक शिक्का नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर तिथे फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षं आहे. बिल, यूपीआयची नोंद, कार्डाचे आधीचे-नंतरचे फोटो, सगळं जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन करा.

मायक्रोएसडी या छोट्या कार्डाला खटका नसतो, ते ज्यात बसवतात त्या ॲडॉप्टरला असतो. आधी ॲडॉप्टर बदलून बघा. जुना पेन ड्राइव्ह अचानक फक्त वाचता येऊ लागला तर बहुतेक त्याची मेमरी झिजलीय आणि कंट्रोलरने लिहिणं थांबवलंय. तो दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, डेटा काढा आणि फेकून द्या. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, डिस्क मॅकवर नुसती वाचता येते, तो बिघाड नव्हे. आणि २,८०० रुपयांत दोन टीबी एसएसडी मिळत नसते, हे मी बाजारभाव बघून ठरवायला हवं होतं.

परवा रिक्षाने तिथूनच जात होते. काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ हातात पेन ड्राइव्ह घेऊन उभे. रिक्षा थांबवली, आत शिरले आणि दुकानदारासमोरच विचारलं, “काका, फाइल उघडतायत का?” उघडतात म्हणाले. त्यांना घेऊन बाहेर आले.