दोष चार्जरच्या वायरीत होता आणि माझी चांगली बॅटरी काढून घेतली, लॅपटॉप रिपेअरला देण्याआधी वाचा

ज्यांच्या लॅपटॉपवर 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं यायला लागलंय त्यांनी मशीन कुणाच्या हातात देण्याआधी हे वाचा प्लीज. मोठं झालंय पण पूर्ण वाचा, कारण मला ज्या पद्धतीने फसवलं ती इतकी साधी आहे की समोर उभं राहून बघत असलात तरी लक्षात येत नाही.

माझ्या लॅपटॉपचं असं झालं की चार्जर लावला की मशीन चालायचं, लाईटही लागायचा, पण बॅटरीचा आकडा काही वर सरकेना, तीसच्या आसपास होता तो तिथेच अडकलेला. शिवाय मशीन एकदम स्लो झालं होतं, दोन टॅब उघडल्या तरी अडकायचं. आणि चालू करताना विंडोज यायच्या आधी काळ्या स्क्रीनवर मेसेज यायचा की पॉवर अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही, बॅटरी कदाचित चार्ज होणार नाही. हे सगळं मी दुकानात जसंच्या तसं सांगितलं, मेसेजचा फोटो पण दाखवला. त्याने फोटोकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "ते बॅटरी गेली की येतंच ताई, नवीन टाकावी लागेल."

माझ्यासमोर मागचं कव्हर उघडलं, बॅटरी काढली, दुसरी टाकली आणि टेबलावर त्याचा स्वतःचा चार्जर लटकत होता तो लावला. लगेच चार्जिंग सुरू! टक्के वाढताना मी डोळ्यांनी बघितले, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं, पैसे दिले आणि घरी आले. जुनी बॅटरी मागितली तर म्हणे "ती आम्हीच डिस्पोज करतो, घरात ठेवणं डेंजर असतं." घरी येऊन माझा चार्जर लावला तर परत तेच, नॉट चार्जिंग.

परत गेले. आता त्याने मल्टीमीटर काढला, माझ्या चार्जरच्या पिनला लावला आणि डिस्प्ले माझ्याकडे वळवून दाखवला, 19.5 व्होल्ट. "बघा, चार्जर एकदम ओके आहे, म्हणजे बोर्डवरचा चार्जिंग आयसी उडालाय, मशीन ठेवून जा." (आयसी म्हणजे चार्जिंग सांभाळणारी बोर्डवरची छोटी चिप.) हा जो मल्टीमीटरचा प्रकार आहे ना तो नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक यातच आहे. डेल आणि एचपीच्या ज्या मॉडेलना गोल पिनचा चार्जर लागतो त्यात भोकाच्या मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. वीज बाहेरच्या आणि आतल्या धातूच्या भागांतून जाते, मधल्या पिनचं काम फक्त ओळख सांगायचं, की मी अमुक इतक्या वॅटचा चार्जर आहे. डेलच्या चार्जरमध्ये त्यासाठी एक छोटी चिप असते. ती पिन वाकली किंवा तिची केसाएवढी वायर आतून तुटली की व्होल्टेज पूर्ण येतं पण लॅपटॉपला कळत नाही की समोर कोण आहे, मग तो जास्त लोड घ्यायचं टाळतो, मशीन चालवतो, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम हळू चालवतो. म्हणजे माझी तिन्ही लक्षणं, चार्ज न होणं, स्लो होणं आणि तो मेसेज, एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होती. आणि मल्टीमीटरवर 19.5 येणं याचा त्या वायरीशी काही संबंधच नाही, ती तुटलेली असली तरी 19.5 च येणार. जो माणूस रोज हेच काम करतो त्याला हे माहीत नसेल हे मी मान्य करायला तयार नाही. त्याला माहीत होतं म्हणूनच दरवेळी मशीन सुरू करून दाखवताना तो स्वतःचा चार्जर लावत होता.

आयसी बदलला म्हणून वेगळे पैसे घेतले. घरी थोडे दिवस चाललं (नंतर कळलं की तुटकी वायर अधूनमधून टेकत होती), मग बंद. आता तो म्हणायला लागला की पूर्ण मदरबोर्डच बदला, दुरुस्तीत अर्थ नाही. तेव्हा मी मशीन उचलून ऑफिसमधे आयटी बघणारा मुलगा आहे त्याच्याकडे नेलं.

त्याने काहीच उघडलं नाही आधी. माझाच चार्जर लावून बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमधे गेला, तिथे बॅटरीच्या पानावर चार्जर किती वॅटचा ते दिसतं. तिथे अननोन. मग पिनच्या मागे जिथे वायर जाड रबरातून बाहेर येते तिथे बोटाने थोडी वाकवून धरली आणि पान परत उघडलं, 65 वॅट. सोडली, परत उघडलं, अननोन. मला म्हणाला, "तुम्हीच करून बघा." मी केलं, तेच. मग दुसऱ्या कुणाचातरी त्याच कंपनीचा चार्जर मागून लावला तर ना मेसेज, ना स्लोपणा, चार्जिंग सुरू. एवढंच होतं. पाच मिनिटांचं काम, एक स्क्रू फिरवायची गरज नव्हती.

मग त्याने कव्हर उघडलं तेव्हा खरा राग आला. आयसी बदलला म्हणत होता ना, तर तो भाग जसाच्या तसा, चिपच्या कडेला बारीक धूळ चिकटलेली, फ्लक्सचा (सोल्डर करताना लावतात तो चिकट पदार्थ) डाग नाही, सोल्डर चकाकत नाही. आयसी बदलायचा तर हॉट एअरने आजूबाजूचा भाग तापवावा लागतो, तिथे जुनी धूळ शिल्लक कशी राहील? कुणी हातच लावला नव्हता तिथे.

आता बॅटरीचं. विंडोजमधे एक सोय आधीपासून असते, वेगळं काही टाकावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, इंग्रजीत पॉवरसीएफजी टाईप करायचं, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा एकच शब्द (powercfg /batteryreport), एंटर. फाईल कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येतं, ती ब्राउझरमधे उघडते. त्यात बॅटरी बनवणाऱ्याचं नाव, सिरियल नंबर, डिझाईन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती होती, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती उरलीये, आणि सायकल काउंट म्हणजे बॅटरी पूर्ण भरून वापरण्याच्या किती फेऱ्या झाल्या, असं सगळं असतं. माझ्या नशिबाने चार्जिंग अडकलं तेव्हाच मी हा रिपोर्ट काढून ठेवला होता. त्यात डिझाईन 42,000 मिलिवॅट-अवर आणि फुल चार्ज 36,500 च्या आसपास, म्हणजे जवळपास 87 टक्के शाबूत. लिथियम बॅटरी शे-दोनशे सायकलनंतर एवढी उतरतेच, तो आजार नाही. ती बॅटरी मेलेली नव्हती हो! चांगली, कामाची, ओरिजिनल बॅटरी होती आणि ती 'डिस्पोज' करायच्या नावाखाली माझ्या मशीनमधून काढून घेतली.

आणि बदल्यात जी दिली तिचा रिपोर्ट काढला तर बनवणाऱ्याचं नाव रिकामं, डिझाईन 42,000 आणि फुल चार्जही बरोबर 42,000, एक आकडा इकडे तिकडे नाही, आणि इतके दिवस वापरूनही सायकल काउंट शून्य. खऱ्या बॅटरीत हे दोन आकडे असे तंतोतंत जुळून वापरल्यावरही हलत नाहीत असं सहसा होत नाही. बॅटरीच्या आत सेलबरोबर एक छोटा सर्किट बोर्ड असतो, हे आकडे तोच लॅपटॉपला सांगतो, आणि नकली किंवा जुने सेल भरलेल्या बॅटरीत त्यालाच खोटं बोलायला लावलेलं असतं. मग चालवताना खरं बाहेर येतं, माझी चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडायची.

दोन्ही रिपोर्टची प्रिंट घेऊन दुकानात गेले, आयटीवाला मुलगा बरोबर आला हे त्याचे उपकार. आधी आवाज चढवला दुकानवाल्याने, बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर, "तुम्ही कुठेतरी दुसरीकडे उघडलंय मशीन." मी प्रिंटवरचा सिरियल नंबर दाखवला आणि म्हटलं हीच बॅटरी परत द्या, बाकी काही बोलायचं नाही. मग ड्रॉवरमधून एक काढून दिली, "ही घ्या तुमची." ती तिथेच लावून तिथेच रिपोर्ट काढला. सिरियल नंबर तिसराच. त्यानंतर मात्र तो गप्प झाला आणि बॅटरीचे पैसे परत केले, आयसीचे नाही दिले, आणि माझी बॅटरी आजपर्यंत मिळालेली नाही. कुणाच्या लॅपटॉपमधे ती 'नवीन' म्हणून बसलीये याचा विचार केला की अजून चीड येते.

तर आता तुमच्यासाठी. चार्ज होत नसेल तर सगळ्यात आधी कुणाचातरी त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा चार्जर मागून लावून बघा. टाईप सी वाला लॅपटॉप असेल तर मोबाईलचा चार्जर आणि कुठलीही केबल लावून निष्कर्ष काढू नका, 65 वॅटच्या लॅपटॉपला साधारण 20 व्होल्ट 3.25 अँपिअर लागतात, मोबाईलचे बरेच चार्जर तिथपर्यंत जातच नाहीत, आणि काही लॅपटॉपमधे दोन टाईप सी पोर्ट असले तरी चार्जिंग एकावरच होतं. आकडा बरोबर 60 किंवा 80 वर थांबत असेल तर तो बिघाडच नाही बहुतेक, लेनोवो, आसुस, डेल, एचपी सगळ्यांत बॅटरीचं आयुष्य वाढवायला चार्जिंग मधेच थांबवायचं सेटिंग असतं, कंपनीच्या ॲपमधे नाहीतर बायोसमधे. यावरूनही बॅटऱ्या विकतात लोक, माझ्या मावसबहिणीला विकायलाच निघाले होते, मी फोनवर सेटिंग बंद करायला सांगितलं आणि 100 झाली. डेल आणि एचपीमधे मशीन चालू होतानाच बॅटरी टेस्ट करायची सोय आहे, डेलला एफ 12 दाबून डायग्नोस्टिक्समधे, एचपीला बहुतेक एफ 2, ती पण करून घ्या.

बॅटरी खरंच जाते, नाही असं नाही. फुल चार्ज कपॅसिटी डिझाईनच्या निम्म्यावर आली असेल तर बदलाच. आणि टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा कव्हर फुगलं असेल तर हे सगळं चेक करत बसू नका, चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. तसंच चार्जिंग आयसी पण उडतो कधीकधी, पण मग तसं सांगणाऱ्याला म्हणा की माझाच चार्जर लावून, बायोसमधे वॅट दाखवून मग सांगा.

दुकानात स्वतःचा चार्जर घेऊनच जा आणि काम झाल्यावर त्याच चार्जरवर टक्के वाढलेले बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, त्यांच्या टेबलावरचा चार्जर चालणार नाही म्हणून सांगा. काढलेला पार्ट परत हवाय हे आधीच सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. आणि बॅटरी रिपोर्ट आजच काढा, मशीन ठणठणीत असलं तरी, आणि ती फाईल स्वतःला मेल करून ठेवा, फक्त लॅपटॉपमधेच ठेवली आणि दुकानवाल्याने विंडोज नवीन टाकावं लागलं म्हणून फॉरमॅट मारला तर तुमच्याकडे दाखवायला काहीच उरणार नाही.